कानापुढची दोन बोटं

निर्मला मॅडम पेशंटच्या तोंडात नंतर बघायच्या. आधी त्याच्या मागं उभ्या राहायच्या, दोन्ही कानांच्या पुढं एकेक बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तोंड उघडा. सावकाश. आता मिटा. परत उघडा." हे करताना त्यांचे डोळे मिटलेले असायचे. नवीन माणसाला वाटायचं, डॉक्टरीणबाई मंत्र म्हणतायत. एक म्हातारे गृहस्थ तर हात जोडून बसले होते.

कानापुढं जबड्याचा सांधा असतो. गुडघ्याला सांधा असतो, कोपराला असतो, हे मला ठाऊक होतं. तोंडालाही असतो, आणि तोही गुडघ्यासारखाच दुखतो, वाजतो, कधी अडकून बसतो, हे मला मॅडमकडं कामाला लागल्यावर कळलं.

दवाखाना औरंगपुऱ्यात, वह्या-पुस्तकांच्या एका दुकानावर. जिना इतका अरुंद की उतरणाऱ्यानं चढणाऱ्यासाठी थांबावं लागायचं. मी तिथं चौदा वर्षं होते. झाडणं-पुसणं, हत्यारं धुऊन वाफेच्या मशीनमध्ये लावणं आणि आलेल्या माणसाचं नाव-गाव कागदावर लिहिणं ही माझी कामं. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण मॅडमना माझं अक्षर आवडायचं. "कमलताई, तुमचं लिहिलेलं मला वाचता येतं. माझं मलाच येत नाही," असं म्हणायच्या. मी मुळात फार बोलत नाही. त्यांनी त्याबद्दल कधी टोकलं नाही, की पेशंटसमोर चिडवलं नाही.

मॅडम ठेंगण्या. सुती साडी, वर पांढरा कोट, चष्म्याला काळी दोरी. बोटं मात्र कणीक तिंबणाऱ्या बाईसारखी, जाड आणि ताकदीची. त्या बोटांनी त्या माणसाचे गाल चाचपायच्या, कानशील दाबायच्या, मानेच्या शिरा बघायच्या. एका ठिकाणी बोट टेकलं की माणूस "आई गं!" म्हणून उडायचा. मॅडमचा चेहरा खुलायचा. दुखणं सापडल्याचा आनंद त्यांना लपवता यायचा नाही.

अशी माणसं त्यांच्याकडं यायची ती सगळीकडून फिरून. कानाचा डॉक्टर म्हणायचा कान चांगला आहे, दाताचं बघा. दाताचा म्हणायचा दात चांगले आहेत, डोक्याचं बघा. घरी कुणी कानात कोमट तेल घातलेलं, कुणी गालावर लसूण वाटून बांधलेला. एका बाईंचा गाल त्या लसणानं भाजून लाल झाला होता. मॅडम म्हणाल्या, "आता फोडणी तेवढी राहिली."

त्यांचं एक वाक्य दिवसभर चालायचं. "ओठ मिटलेले, दात सुटलेले." दातांनी एकमेकांना भेटायचं ते घास चावताना. बाकी वेळ त्यांच्यात फट पाहिजे. पण काळजीत, कामाच्या घाईत माणूस दात आवळून बसतो, रात्री झोपेत करकरा खातो आणि सकाळी म्हणतो, गाल का दुखतोय. मॅडम त्याला हाताची मूठ आवळायला लावायच्या आणि बोलत राहायच्या. त्यानं मूठ सोडली की विचारायच्या, "का सोडली? दुखली ना? मग जबड्यानं रात्रभर काय पाप केलंय?"

रिक्षात बसल्या तरी त्यांचं लक्ष लोकांच्या जबड्यांकडं. एकदा आरशात रिक्षावाल्याचा गाल सारखा फुगताना त्यांना दिसला. म्हणाल्या, "भाऊ, दात सोडा जरा."

रिक्षावाला सिग्नलच्या गर्दीत अडकला होता. म्हणाला, "मॅडम, दाँत छोड दिया तो गाली निकलती."

मॅडम उतरेपर्यंत हसत होत्या. मोठ्यानं हसताना आणि जांभई देताना त्या हनुवटीखाली मूठ धरायच्या, तोंड फार वासू नये म्हणून. बघून बघून मलाही ती सवय लागली. माझी मुलगी म्हणते, "आई, जांभईला कुलूप कशाला लावतेस?"

त्यांच्या इलाजाची त्यांनी उतरंड लावलेली होती आणि ती त्या प्रत्येकाला समजावून सांगायच्या. आधी जबड्याला विश्रांती. मऊ खाणं, कुस्करलेली भाकरी, वरणभात. ऊस, सुपारी, चघळायच्या गोळ्या बंद. गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलानं शेक. मग तोंड उघडायचे आणि मिटायचे व्यायाम. लागल्या तर दुखण्याच्या गोळ्या, त्याही थोडे दिवस. त्यानं भागलं नाही तर रात्री दातांवर बसवायची प्लेट. फार थोड्यांना इंजेक्शन, आणि एखाद्यालाच मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनसाठी चिठ्ठी. "जो खालच्या पायरीवर बरा होतो, त्याला वर कशाला चढवायचं?" असं त्यांचं म्हणणं. लोकांना ते पटायचं नाही. एवढा जिना चढून आल्यावर डॉक्टरनं टॉवेल सांगितला, म्हणून कित्येक जण तोंड वाकडं करून जायचे. त्यातले बरेचसे महिन्याभरानं पेरू नाहीतर शेंगा घेऊन यायचे.

दात आवळल्याचं माणसाच्या ध्यानात राहत नाही, म्हणून मॅडमनी एक युक्ती काढली होती. टिकल्यांचं पाकीट द्यायच्या. आरशावर, पुस्तकावर, फ्रीजवर, जिथं नजर जाईल तिथं एकेक टिकली लावायची. टिकली दिसली की दात आवळलेत का बघायचं, आणि सोडायचे. टिकल्या मी गुलमंडीच्या बाजारातून आणायचे. दुकानदार म्हणायचा, "मावशी, घरी किती सुना आहेत?"

एक नवी लग्न झालेली मुलगी आली होती. तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करायची आणि गाल धरून बसायची. तिला मॅडमनी टिकल्या दिल्या. तिनं मन लावून घरभर लावल्या. चौथ्या दिवशी तिची सासू जिना चढून वर आली. हातात ताट, ताटात उपटलेल्या टिकल्या, एक लिंबू आणि लाल मिरच्या.

"कोण डॉक्टर हाय इथं? माझ्या घरात करणी कुणी करायला लावली?"

मॅडम पेशंटच्या तोंडात बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी. बसा. कमलताई, यांना पाणी द्या."

सासू बसायला तयार नव्हती. "पिठाच्या डब्यावर टिकली, देव्हाऱ्याच्या खाली टिकली, माझ्या लेकाच्या हेल्मेटवर टिकली! काय समजायचं माणसानं?"

मॅडमनी हात धुतले, सासूच्या मागं गेल्या आणि कानापुढं बोटं ठेवली. "उघडा तोंड." रागाच्या भरात बाईनं उघडलं. टक्कन आवाज आला, तो मला दारापर्यंत ऐकू आला. मॅडम म्हणाल्या, "सुनेपेक्षा तुमचं जास्त आहे." जाताना बाईनं लिंबू-मिरच्या इथंच ठेवल्या आणि टिकल्या परत नेल्या. वर आणखी एक पाकीट मागितलं.

प्लेटची गंमत वेगळी. ती काचेसारखी पारदर्शक आणि टणक, दातांच्या मापाची. माप घ्यायची गुलाबी पावडर मी कालवायचे. उन्हाळ्यात पाणी माठातलं घ्यावं लागायचं, नाहीतर ती तोंडात जाण्याआधी वाटीतच आळायची. एका निवृत्त मास्तरांना मॅडमनी प्लेट दिली आणि रोज धुवायला सांगितली. आठ दिवसांनी मास्तर आले. रुमालातून जे काढलं ते कुरडईसारखं वळलेलं होतं.

"बसत नाही हो ही."

"मास्तर, हिला काय केलंत?"

"नातवाची दुधाची बाटली आम्ही उकळतो. म्हटलं ही पण तोंडातलीच वस्तू. चहाच्या पातेल्यात चांगली वीस मिनिटं उकळली."

मॅडमनी दुसरी करून दिली. त्या दिवसापासून प्लेट देताना मी शेजारी उभी राहून "थंड पाणी, थंड पाणी" असं दोनदा म्हणायचं, हे काम मला लागलं. नाव-गाव विचारणं सोडलं तर अनोळखी माणसांशी मी दिवसभरात बोलायचे ते एवढंच.

चांगला दात मॅडम काढायच्या नाहीत. यावरून भांडणं व्हायची. आपल्याकडं दाढ दुखली की एकच बोलणं, उपटून टाका, कटकट नको. जबडा आवळून गालाचं मांस दुखतं, पण त्याची कळ दाढेत उतरते. माणूस शपथेवर सांगतो की हीच दाढ. मॅडम ठोकून बघायच्या, थंड लावून बघायच्या, एक्स-रेचा फोटो काढायच्या आणि म्हणायच्या, "दाढ चांगली आहे. नाही काढणार." कुणी आवाज चढवला तरी त्यांचा आवाज तेवढाच राहायचा.

आणखी एक सवय होती, तिचा अर्थ मला पुष्कळ वर्षं लागला नाही. कन्नड तालुक्याकडचं कुणी आलं की मॅडम विचारायच्या, "देवगाव रंगारी जवळ का तुम्हाला? तिथं गयाबाई म्हणून कुणी आहे का? उंच, सावळी, डाव्या भुवईवर व्रण." आडनाव त्यांना ठाऊक नव्हतं. लोक म्हणायचे, गयाबाई काय, पाच-सहा असतील. मला वाटायचं, जुनी मैत्रीण असेल.

तीन वर्षांपूर्वी पावसाळा संपताना एक बाई आली. सोबत लेक, मंगल नावाची. बाईनं पदर गालावर घट्ट धरलेला. मी नाव विचारलं, लेकीनं सांगितलं. मी लिहिलं, गयाबाई. गाव विचारलं, देवगाव रंगारी. मग मी मान वर केली. बाई उंच होती. केस पांढरे झालेले. डाव्या भुवईवर व्रण होता. मी कागद घेऊन आत गेले आणि मॅडमसमोर ठेवला.

मॅडमनी कागद वाचला आणि चष्मा पुसला. "पाठवा," म्हणाल्या.

गयाबाईंचं तोंड एक बोट जाईल एवढंच उघडत होतं. दात गच्च ठेवूनच त्या बोलत होत्या. "लई दुखतंय. ह्या अंगाची ही खालची एक दाढ राहिलीय, एवढी उपटा. बाकीच्या गेल्या, ही बी जाऊ द्या."

"बाकीच्या कुणी काढल्या?" मॅडमनी विचारलं.

"लई वर्सं झाली. इथंच कुठं तरी एका जिन्याखाली खोली व्हती. तुमच्यावाणीच एक पोरगी व्हती डाक्टर. एक काढली, दुखायचं थांबलं नाय. मग दुसरी. अशा चार काढल्या तिनं. पाचव्यांदा गेले तर म्हणाली, आता मला नाय कळत."

मी ट्रे पुसत होते, ते थांबले. मॅडमचा पहिला दवाखाना याच गल्लीत एका जिन्याखाली होता, हे मला ठाऊक होतं. बाईनं त्यांना ओळखलं नव्हतं. मॅडम गप्प राहिल्या असत्या तर ते कुणाला कळणार नव्हतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, मॅडम, नका बोलू. इलाज करा, त्या बऱ्या होऊन जातील, झालं.

मॅडम स्टूल ओढून गयाबाईंच्या समोर बसल्या. मागं नाही, समोर. म्हणाल्या, "गयाबाई, ती पोरगी मीच. तुमच्या चारही दाढा चांगल्या होत्या. दुखणं सांध्याचं आणि गालाच्या मांसाचं होतं. मला तेव्हा कळलं नाही. पुढं दोन वर्षांनी शिकले तेव्हा कळलं. तेव्हापासून मी तुम्हाला शोधतेय."

बोलली ती मंगल. "म्हणजे? माझी आई तीस वर्सं भाकर भिजवून खातीय, ती तुमच्यामुळं?"

"हो."

"मीच म्हणलं व्हतं तिला, काढ म्हणून," गयाबाई दातातून पुटपुटल्या.

"तुम्ही हट्ट केला, पण हात माझा होता," मॅडम म्हणाल्या.

मंगलनं आईचा दंड धरला. "चल आई. आता परत हिच्याच हातात तोंड द्यायचं का?" जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली जाईपर्यंत मॅडम त्याच स्टुलावर बसून होत्या. मग उठल्या आणि पुढचा पेशंट बोलवा म्हणाल्या.

ते पंधरा दिवस मी विसरत नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की मॅडम दाराकडं बघायच्या. लोकांना "दात सुटलेले" म्हणायच्या आणि त्यांचा स्वतःचाच गाल टणक झालेला मला दिसायचा. एकदा धीर करून मी म्हणाले, "मॅडम, दात." त्यांनी गालाला हात लावला. म्हणाल्या, "कमलताई, तिची शेवटची दाढ आता दुसरा कुणी तरी काढेल. तीही चांगली आहे."

तिसऱ्या रविवारी त्या मला म्हणाल्या, "येता का देवगावला?" आम्ही एसटीनं गेलो. मला वाटलं होतं, हत्यारांची पेटी घेतील. पिशवीत फक्त दोन टॉवेल होते.

गयाबाईंचं घर पाराच्या पलीकडं. अंगणात मका वाळत घातलेला. त्या आम्हाला बघून उठल्या नाहीत. दातातूनच म्हणाल्या, "माझ्या दाढा परत बसवायला आलात काय?"

"त्या परत यायच्या नाहीत," मॅडम म्हणाल्या. "जी राहिलीय ती राहू द्या म्हणून सांगायला आले. कुणाकडंही जा, माझ्याकडं नका येऊ. पण ही काढू नका."

मंगल दारात उभी होती. ती पाणी द्यायलाही हलली नाही. गयाबाईंनीच विचारलं, "पिशवीत काय हाय?"

"टॉवेल."

"टॉवेल कशाला?"

"शेकायला."

गयाबाई लेकीकडं वळल्या. "मंगल, पाणी ठेव गं. एवढ्या लांबून टॉवेल घेऊन आलीय बाई."

मॅडमनी गरम पाण्यात टॉवेल पिळला, गयाबाईंच्या दोन्ही गालांवर धरला आणि अंगणात त्यांच्या पुढ्यात मांडी घालून बसल्या. गार झाला की दुसरा. मग बोटांनी गाल चोळले, कानशिलं चोळली. तासभर हेच चाललं. शेजारच्या बाया कुंपणाशी जमल्या. एक म्हणाली, "गयाक्का, पार्लरवाली आणली का काय?" दुसरी म्हणाली, "आमचे बी गाल दाबा की वो बाई, नवऱ्याशी भांडून भांडून दुखत्यात." मॅडमनी तिचेही दाबून बघितले. निघताना गयाबाईंचं तोंड एका बोटाहून थोडं जास्त उघडत होतं. त्या बोट घालून परत परत बघत होत्या.

त्यानंतर त्या दवाखान्यात येऊ लागल्या. मंगल बाहेरच्या बाकावर बसायची, आत यायची नाही. दोन महिने शेक आणि व्यायाम झाला. मग माप घेण्याइतकं तोंड उघडलं आणि प्लेट केली. मी "थंड पाणी" म्हणाले, तशा गयाबाई म्हणाल्या, "ऐकलं गं बाई, बहिरी नाय मी." होळीच्या सुमारास दोन बोटं जाऊ लागली, पुढं अडीच. तिसरं बोट पुरतं कधी गेलं नाही. दुखणं मात्र उतरलं आणि ती दाढ राहिली. दाढांविषयी दोघी पुन्हा बोलल्या नाहीत. गयाबाईंनी माफ केलं की नाही, हे मॅडमनाही कळत नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही.

गेल्या वर्षी मॅडमच्या अंगठ्याचा सांधा धरू लागला. पकड राहीना. त्यांनी दवाखाना बंद करून लेकीकडं नागपूरला जायचं ठरवलं. शेवटच्या शनिवारी आम्ही सामान बांधत होतो, तेवढ्यात गयाबाई जिना चढून आल्या. सोबत नात होती, मंगलची मुलगी, बारावीची. मागं मंगल. या वेळी ती आत आली.

"बंद करताय व्हय?" गयाबाई म्हणाल्या. "मग हिचं बघून बंद करा. दाढ दुखतीय म्हणती. गल्लीतला डाक्टर म्हणला, काढू. मी म्हणलं, आधी आमच्या बाईला विचारू. काढायची का नाय, तुम्ही सांगा."

मॅडमनी मुलीच्या कानापुढं बोटं ठेवली. गाल चाचपले. दाढ ठोकली, थंड लावलं, बांधून ठेवलेलं मशीन परत उघडून फोटो काढला. फोटोकडं फार वेळ बघितलं. माझ्या एवढ्या वर्षांत एका दाढेला त्यांनी इतका वेळ दिलेला मी पाहिला नव्हता. मग म्हणाल्या, "ही काढावी लागेल. मुळापर्यंत किडलीय, वर काही उरलं नाही. वाचत असती तर वाचवली असती."

मी मंगलकडं बघितलं. मंगल आईकडं बघत होती.

"मग काढा," गयाबाई म्हणाल्या आणि नातीचा हात आपल्या हातात धरला.

"कमलताई, सुई," मॅडम म्हणाल्या. गाल बधिर झाला. दुखऱ्या अंगठ्यानं त्यांना दोनदा पकड बदलावी लागली, पण दाढ सबंध आली. नेहमी त्या काढलेला दात ट्रेमध्ये टाकून द्यायच्या. त्या दिवशी त्यांनी तो धुतला, कापसावर ठेवला आणि गयाबाईंपुढं धरला.

गयाबाईंनी कापूस हातात घेतला, खिडकीपाशी नेला, उजेडात दाढ उलटीपालटी केली. मॅडम त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि कुठून कीड आत शिरली ते करंगळीनं दाखवू लागल्या. एक उंच, एक ठेंगणी, दोघींची डोकी त्या एवढ्याशा दाढेवर वाकलेली. मी पोरीला कापूस चावायला दिला आणि बर्फ आणायला खाली गेले. परत आले तरी त्या तशाच उभ्या होत्या. गयाबाई म्हणत होत्या, "व्हय, व्हय. दिसतंय मला. ही काढायचीच व्हती."